शेजारी हिस्पॅनिक, सिटी हॉल सगळ्यांचं: अमेरिकेत नवीन आलेल्यांनी कामाला लागायचं कसं

हे मी लिहितेय ते टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, ॲरिझोना असल्या ठिकाणी राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी. आजूबाजूला निम्मं गाव स्पॅनिश बोलतं, मुलांच्या वर्गात मातेओ आणि सोफिया आहेत, छप्पर दुरुस्त करणारा, दवाखान्यातली नर्स, शाळेची प्रिन्सिपल सगळे हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांशी मुळं जोडलेले), आणि तरी आपला संबंध टाको ट्रकच्या पुढे काही सरकत नाही. काहीतरी करावं असं पुष्कळांना वाटतं, पण काय ते कळत नाही, मग सप्टेंबरात हिस्पॅनिक हेरिटेज मंथ आला की एक पोस्ट टाकायची आणि मोकळं व्हायचं. माझं मत सरळ आहे, खरी मदत होते ती लोकल सरकारात, म्हणजे सिटी, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) आणि स्कूल डिस्ट्रिक्टच्या कामात. ते काम कंटाळवाणं असतं, अजेंडे, फॉर्म, बजेट, गटारं. कंटाळवाणं आहे म्हणूनच तिथे माणसं कमी पडतात. आणि ज्यांनी नुकतीच सिटीत किंवा काउंटीत नोकरी धरलीय त्यांच्यासाठीही खाली बरंच आहे, तो भाग सोडू नका.

१. आधी गावात कोण राहतं ते नीट बघा

२०२० च्या सेन्ससमध्ये अमेरिकेत ६ कोटी २१ लाख हिस्पॅनिक लोक मोजले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या १८.७ टक्के. कॅलिफोर्नियात ३९.४, टेक्सासात ३९.३ टक्के. पण या आकड्यांनी तुमच्या गल्लीचं काही कळत नाही. सेन्ससच्या साइटवर आपल्या सिटीचं नाव टाकून बघा, कुठल्या देशातून आलेले, घरी कोणती भाषा, भाड्याने राहणारे किती, ते सगळं फुकट मिळतं. न्यू जर्सीत एडिसनला आपली मराठी वस्ती भरपूर आहे ना, त्याच मिडलसेक्स काउंटीत पर्थ अँबॉय आहे, तिथे पोर्तोरिकन आणि डॉमिनिकन कुटुंबं, आणि न्यू ब्रन्सविकला मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातून आलेले खूप लोक. हे तिघे 'हिस्पॅनिक' म्हणून एकाच रकान्यात बसतात पण त्यांचे प्रश्न अजिबात एक नाहीत. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकन नागरिक आहेत, त्यांना 'तुमचा व्हिसा कुठला' विचारलंत तर पहिल्याच वाक्यात मान खाली घालावी लागेल. टेक्सासात तर कितीतरी घराणी अशी आहेत की ती कुठून आलीच नाहीत, तो मुलूख आधी मेक्सिकोत होता, सीमाच त्यांच्यावरून पुढे सरकली.

आणि ओआहाकातून किंवा ग्वातेमालातून आलेल्या बऱ्याच लोकांची घरची भाषा स्पॅनिश नसतेच, सापोतेक, मिश्तेक, माम अशा भाषा असतात. त्यामुळे पत्रक स्पॅनिशमध्ये छापलं म्हणजे काम झालं असं समजू नका.

२. कारभार कोणाच्या हातात आहे ते कळून घ्या

नवीन माणूस इथेच अडकतो. अमेरिकेत बऱ्याच शहरांत निवडून आलेली कौन्सिल एक व्यावसायिक सिटी मॅनेजर नेमते आणि रोजचा कारभार तो किंवा ती बघते. सॅन अँटोनियो, डॅलस, फीनिक्स, सॅन होजे ही अशी शहरं. ह्यूस्टनला मात्र महापौरच सगळं चालवतो. आपल्याकडे महापालिका आयुक्त राज्य सरकार पाठवतं आणि नगरसेवक त्याच्या नावाने बोटं मोडत बसतात, इथे मॅनेजरला कौन्सिलच ठेवते आणि कौन्सिलच काढते, म्हणून दाद कुठे मागायची ते शहरागणिक बदलतं. शाळा बहुतेक ठिकाणी सिटीच्या हातात नसतात, त्यांचं बोर्ड वेगळं, निवडणूक वेगळी, टॅक्सही वेगळा. आरोग्य, तुरुंग, निवडणुका हे साधारण काउंटीकडे. चुकीच्या दारात तीन मिनिटं भाषण ठोकून काही होत नाही, लोक सभ्यपणे थँक्यू म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

३. मीटिंगला जा, आणि सुरुवातीला गप्प बसा

कौन्सिलच्या मीटिंगचा अजेंडा आधी जाहीर करावा लागतो, कॅलिफोर्नियात ब्राउन ॲक्ट नावाच्या १९५३ च्या कायद्याप्रमाणे नियमित मीटिंगच्या किमान ७२ तास आधी. तो डाउनलोड करा. त्यात 'कन्सेंट' म्हणून एक ढीग असतो, एका झटक्यात पास होणाऱ्या विषयांचा, तो आवर्जून वाचा, कॉन्ट्रॅक्ट तिथे असतात, बदललेले नियम तिथे असतात. आणि कोण बोलायला येतं ते बघा. हिस्पॅनिक वस्तीतल्या फुटपाथवर चर्चा चाललीय आणि बोलणारे सगळे दुसऱ्या भागातले रिटायर्ड लोक, हे दृश्य तुम्हाला लवकरच दिसेल. त्या वस्तीतल्या लोकांना काही पडलेली नाही असं नसतं हो, मीटिंग संध्याकाळी सहाला, त्यांची शिफ्ट साडेसातला सुटते, मुलांना ठेवायला कोणी नाही आणि बोलायचं इंग्लिशमध्ये.

कॅलिफोर्नियात राहत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, बोलायला वेळेची मर्यादा असेल तर दुभाष्याच्या मदतीने बोलणाऱ्याला दुप्पट वेळ द्यावा लागतो, तसा कायदा २०१६ ला झाला. कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं. शेजारची आजी बोलायला तयार झाली तर अध्यक्षांना शांतपणे ही आठवण करून देणं, एवढं काम तर तुम्ही पहिल्याच महिन्यात करू शकता.

४. जे आधीपासून करतायत त्यांच्या मागे उभं राहा

इथे जरा रेंगाळते, कारण आपल्या लोकांची खोड मला ठाऊक आहे. आपण आलो की लगेच संस्था काढतो, अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि एक लोगो. इथे त्याची गरज नाही. ही लढाई तुमच्या-माझ्या आधी कित्येक वर्षं चालू आहे. मेक्सिकन-अमेरिकन लोकांच्या हक्कांसाठीची लुलाक ही संस्था १९२९ ला टेक्सासात कॉर्पस क्रिस्टीत सुरू झाली. कायद्याची बाजू लढवणारी माल्डेफ १९६८ ची. निवडून आलेल्या आणि नेमलेल्या लॅटिनो (साधारण हिस्पॅनिकच) अधिकाऱ्यांसाठीची नालेओ १९७६ ची. मेक्सिकन-अमेरिकन नेते एडवर्ड रॉयबल लॉस अँजेलिसच्या सिटी कौन्सिलवर १९४९ मध्ये निवडून आले, ते घरोघर जाऊन मतदार नोंदवणाऱ्या संघटनेच्या जोरावर.

पण मला विचाराल तर शिकायला सगळ्यात भारी उदाहरण सॅन अँटोनियोच्या वेस्ट साइडचं. मेक्सिकन-अमेरिकन कामगारांची वस्ती, पाऊस आला की रस्ते पाण्याखाली, घरात पाणी, आणि गटारांचं काम वर्षानुवर्षं कागदावर. १९७४ मध्ये एर्नेस्तो कोर्तेस नावाच्या तिथल्याच पोराने चर्चच्या पॅरिशमधल्या (म्हणजे एकेका चर्चच्या वस्तीतल्या) लोकांना एकत्र करून कॉप्स नावाची संघटना बांधली. नेहमीचे पुढारी त्यांनी धरले नाहीत, शाळेची जत्रा भरवणाऱ्या बाया, पॅरिशचा हिशेब ठेवणारे, असले लोक निवडले, ज्यांचं शेजारीपाजारी ऐकतात. 'तुमचं दुःख काय' विचारलं तर मोठमोठे विषय नाही निघाले, पाणी तुंबणं निघालं. मग या लोकांनी सिटीचे जुने कागद उकरले, बजेट वाचायला शिकले, आणि त्या वर्षी मोठा पाऊस झाल्यावर शेकड्यांनी कौन्सिलसमोर जाऊन बसले, कागद हातात घेऊन. गटारांसाठी बाँड मंजूर झाले. पुढच्या वर्षी शहरातल्या धनिकांनी लक्ष द्यावं म्हणून हे लोक एका मोठ्या कापडदुकानात जाऊन दिवसभर कपडे घालून बघत बसले, काही न घेता, आणि बँकेत रांग लावून डॉलरची चिल्लर आणि चिल्लरचे परत डॉलर करत राहिले. कायदा कुठेही मोडला नाही, काम मात्र सगळं ठप्प!

त्याहून मोठी गोष्ट १९७७ ची. तोवर तिथे सगळे नगरसेवक सगळ्या शहरातून निवडून यायचे, म्हणजे ज्यांच्याकडे पैसा आणि ओळखी तेच. जानेवारी १९७७ ला लोकांनी मत देऊन दहा वॉर्ड करून घेतले, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत महापौर धरून अकरा जणांच्या कौन्सिलवर पाच मेक्सिकन-अमेरिकन आणि एक कृष्णवर्णीय माणूस आला. १९८१ ला हेन्री सिस्नेरोस महापौर झाले, जे पुढे १९९३ ला केंद्रात हाउसिंगचे मंत्री झाले. हे सगळं गटारापासून. म्हणून वस्तीत गेलात की 'मला असं वाटतं' याने सुरुवात करू नका, कुठे पाणी तुंबतं ते विचारा. आणि गावात आधीच एखादी पॅरिश कमिटी, पालकांचा ग्रुप, नेबरहुड असोसिएशन असतेच, तिथे जाऊन खुर्च्या लावा, कागद वाचून द्या. एक्सेल येतं ना? बजेटचं पाचशे पानांचं पीडीएफ उघडून आपल्या वॉर्डाला किती पैसे आले ते काढून देणारा माणूस कुठल्याही ग्रुपला हवाच असतो.

५. भाषेचं काम, पण नीट

१९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टचं टायटल सिक्स म्हणतं की केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेला वंश, रंग किंवा मूळ देश यावरून भेदभाव करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टातल्या १९७४ च्या लाउ खटल्यापासून भाषेमुळे दारं बंद होणं हा प्रकारही त्यात धरला गेला. २००० साली क्लिंटन यांनी इंग्लिश कमी येणाऱ्यांनाही सरकारी सेवा नीट मिळाव्यात असा आदेश काढला होता, तो ट्रम्प यांनी १ मार्च २०२५ ला इंग्लिशला अधिकृत भाषा जाहीर करताना रद्द केला. पण टायटल सिक्स हा कायदा आहे, तो जागेवर आहे, आणि राज्यांचे आपापले कायदेही आहेत. त्यामुळे कोणी काउंटरवर 'आता इंग्लिशच' म्हणालं तर ते जसंच्या तसं धरून बसू नका, सिटीची लेखी पॉलिसी मागा.

मतदानाचं वेगळं आहे. वोटिंग राइट्स ॲक्टमध्ये १९७५ ला आलेल्या कलम २०३ प्रमाणे आता एखाद्या भागात इंग्लिश कमी येणारे, मतदानाच्या वयाचे नागरिक १० हजारांपेक्षा जास्त किंवा ५ टक्क्यांपेक्षा जास्त असतील आणि शिक्षणाची एक अट बसत असेल तर मतपत्रिका त्यांच्या भाषेतही द्यावी लागते. आपली मिडलसेक्स काउंटी यात स्पॅनिशसाठी आहे आणि २०२१ च्या यादीत भारतीयांसाठीही आली. म्हणजे आपल्याला जे मिळालं ते याच कायद्यातून, ज्यासाठी टेक्सासातल्या मेक्सिकन-अमेरिकन लोकांनी साक्षी दिल्या होत्या. हे आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा टाकायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. स्पॅनिश शिका, पण ड्युओलिंगो ॲपच्या जोरावर कोणाचं दुभाषी बनू नका. कोर्ट, पोलीस, दवाखाना, घर खाली करण्याची नोटीस, इथे ट्रेन्ड दुभाषीच पाहिजे, आणि आठ-दहा वर्षांच्या पोराला आईवडिलांचं बोलणं सांगायला लावू नये, ते पोर घाबरतं आणि निम्मं गाळतं. तुमचं काम म्हणजे दुभाषी मागून घेणं, वेळेवर मागणं, कारण बहुतेक सिटी दोन-तीन दिवस आधी कळवा म्हणतात. मशीनने केलेलं भाषांतर असेल तर छापण्याआधी त्या वस्तीतल्या दोघांना वाचायला द्या आणि त्यांना त्याचे पैसे द्या, गिफ्ट कार्ड का होईना.

६. सिटीत नोकरी करत असाल तर

मी स्वतः लोकल सरकारात काम करते म्हणून हे आतून सांगते. ऑफिसात एक हिस्पॅनिक सहकारी असते, तिचं पद असतं बजेट ॲनालिस्ट, आणि दिवसातून पाच वेळा तिला काउंटरवर बोलावतात, 'जरा येतेस का, स्पॅनिश बोलणारे आलेत'. पत्रक आलं की तपासायला तिच्याकडे, हेरिटेज मंथची कमिटी तिच्याकडे, वस्तीतल्या मीटिंगला शनिवारी तीच. वर्षाच्या शेवटी रिव्ह्यूत लिहितात, रिपोर्ट उशिरा झाले. यातलं एकही काम तिच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नसतं. सपोर्ट वगैरे मोठे शब्द बाजूला ठेवा, पहिली गोष्ट ही करा की या कामाची नोंद होईल. तुम्ही सुपरवायझर असाल तर तास लिहायला सांगा, बायलिंग्वल पे (दुसरी भाषा वापरण्याचा जादा पगार) असतो का ते एचआरला विचारा, पुष्कळ सिटी देतात पण त्यासाठी टेस्ट द्यावी लागते आणि अर्ज करावा लागतो, आपोआप कोणी देत नाही. सहकारी असाल तर मीटिंगमध्ये म्हणा की हे भाषांतर तिने केलंय. एवढंच म्हणा.

व्यावसायिक नेटवर्क म्हणाल तर सिटी मॅनेजर लोकांची मोठी संघटना आयसीएमए, १९१४ पासूनची, आणि तिच्याशी जोडलेलं लोकल गव्हर्नमेंट हिस्पॅनिक नेटवर्क, जे सिटी-काउंटीत काम करणाऱ्या हिस्पॅनिक लोकांना मेंटॉर मिळवून देणं, कॉन्फरन्स, वरच्या पदांसाठी तयारी असं काम करतं. तुमच्या टीममध्ये कोणी तरुण हिस्पॅनिक कर्मचारी असेल तर तिला तिथे जायला ट्रेनिंगच्या बजेटमधून पैसे मिळवून द्या आणि ती गेल्यावर तिचं काम कोण करेल तेही आधीच ठरवा. नाहीतर परवानगी मिळते आणि माणूस जातच नाही, कामाच्या ढिगामुळे. भरतीचं म्हणाल तर जाहिरात वाचताना बघा की डिग्री खरंच लागते का, की दहा वर्षं काउंटरवर काम केलेल्या माणसाला उगाच बाहेर ठेवतोय. कोणालाही वंश बघून झुकतं माप देऊ नका, ते बेकायदेशीर आहे, पण दार सगळ्यांसाठी रुंद करता येतं आणि त्यात नियमाबाहेर काही नाही.

७. बोर्ड आणि कमिशन

प्लॅनिंग, लायब्ररी, पार्क, हाउसिंग अशी बोर्डं बहुतेक सिटींत असतात, पगार नसतो, अर्ज सिटी क्लार्ककडे, आणि अर्ज इतके कमी येतात की आश्चर्य वाटेल. स्वतः अर्ज करा, पण त्याआधी बघा की त्या बोर्डावर वेस्ट साइडसारख्या वस्तीतून कोणी आहे का. नसेल तर तिथल्या कोणाला तरी फॉर्म भरायला बसवा, सोबत बसा, रेझ्युमे टाइप करून द्या. फूड ट्रकच्या नियमावर चर्चा चालू असताना फूड ट्रकवाली बाई बोर्डावर असणं आणि नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कॅलिफोर्नियात २०१८ ला फुटपाथवर विकणं गुन्हा राहिला नाही, पण परमिट, हेल्थ खात्याची गाडी, फी हे सगळं सिटी आणि काउंटीच ठरवतात, खरी भांडणं तिथेच असतात. आपल्याकडच्या फेरीवाला झोनची आठवण येईल.

८. तुमचा व्हिसा आणि त्यांची भीती, दोन्ही सांभाळा

नागरिक नसाल तर मतदार नोंदणीच्या फॉर्मवर कधीही सही करू नका, डीएमव्हीत (ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात) कोणी पुढे केला तरी. चुकून झालं तरी ग्रीन कार्ड आणि पुढची नागरिकता दोन्ही अडकू शकतात. बोर्डांचे नियम सिटीप्रमाणे बदलतात, काही ठिकाणी नोंदलेला मतदारच लागतो, कॅलिफोर्नियात २०१९ च्या कायद्याने नागरिक नसलेल्यांनाही नेमता येतं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर खऱ्या अर्थाने फुकटची समाजसेवा चालते, पण जे काम एरवी पगार देऊन करून घेतात ते फुकटात केलं तर भानगड होऊ शकते, शंका असेल तर वकिलाला विचारा. मीटिंगला जाणं, बोलणं, अजेंडा वाचणं याला कुठलाच व्हिसा लागत नाही. टॅक्सच्या सीझनला आयआरएसच्या (केंद्राच्या टॅक्स खात्याच्या) व्हीटा प्रोग्रॅममध्ये परीक्षा देऊन लोकांचे रिटर्न फुकट भरून देता येतात, ज्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसून आयटिन (फक्त टॅक्ससाठीचा नंबर) आहे अशी कुटुंबंही तिथे येतात, आणि आकडेमोड करणाऱ्या आपल्या लोकांना हे काम मस्त जमतं.

समोरच्याचा इमिग्रेशन स्टेटस विचारू नका, सांगायला लागले तर लिहून ठेवू नका. सिटीकडे जमा झालेला कागद साधारणपणे कोणीही मागून बघू शकतो, तसे कायदे सगळ्या राज्यांत आहेत, म्हणून दारात सह्यांचा कागद ठेवून नाव, पत्ता, फोन, जन्मदेश असलं सगळं गोळा करण्याआधी विचार करा की त्यातलं नक्की काय लागणार आहे. बहुतेक वेळा फक्त डोकी मोजली तरी पुरतं.

९. मंडळाला सोबत घ्यायचं असेल तर

पांडुरंग खानखोजे आठवतायत का? वर्ध्यात जन्मलेले, गदरच्या चळवळीतले. १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. मेक्सिकोचा प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा याने त्यांना भित्तिचित्रात रंगवलंय. त्यांनी तिथे महाराष्ट्र मंडळ नाही काढलं, मेक्सिकोच्याच व्यवस्थेत घुसून, त्यांच्याच भाषेत, मक्याचं काम केलं. मंडळाच्या कार्यक्रमात त्यांच्यावर अर्धा तास ठेवा आणि शेजारच्या पॅरिशमधल्या लोकांनाही बोलवा, ओळखीला याहून चांगलं निमित्त नाही. पण तेवढ्यावर थांबू नका, गणपतीला जो हॉल घेता त्याच हॉलमध्ये फेब्रुवारीत टॅक्स क्लिनिक भरवता येतं.

आणि वेळ साधायची ती बजेटची. कॅलिफोर्नियात बहुतेक सिटींचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, टेक्सासात १ ऑक्टोबरला, न्यू जर्सीत बहुतेक ठिकाणी जानेवारीत. पहिल्या दोन राज्यांत सार्वजनिक सुनावणी वर्ष सुरू होण्याआधीच्या महिन्या-दोन महिन्यांत असते, तोवर आकडे जवळपास ठरलेले असतात, म्हणून कॅलिफोर्नियावाल्यांनी फेब्रुवारीतच आणि टेक्सासवाल्यांनी मे महिन्यातच आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाच्या ऑफिसला फोन करून भेटीची वेळ मागावी, जाताना वस्तीतले दोन-तीन जण सोबत न्यावेत, दुभाषी आधी सांगून ठेवावा, आणि बोलायचं त्यांनी, तुम्ही फक्त नोट्स घ्यायच्या.